वीज कंपनीची ‘डिमांड रिस्पॉन्स’ योजना: घ्यावी का, आणि घेतली तर कोणती?

वर्षाचे तास ८,७६०. त्यातल्या शे-सव्वाशे तासांत विजेची मागणी कळस गाठते, आणि एवढ्याशा वेळेसाठी जादा जनित्रं, जाड वाहिन्या, मोठी रोहित्रं वर्षभर उभी ठेवावी लागतात. त्याऐवजी त्या तासांत ग्राहकानेच वापर थोडा पुढेमागे करावा आणि त्याबद्दल पैसे घ्यावेत, हा या योजनांचा गाभा. भारनियमनात अख्खा फीडर, म्हणजे एका भागाला वीज पुरवणारी वाहिनी, बंद होतो. इथे घर चालू राहतं, एखादं यंत्रच थांबतं. तारांतली हानी प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून ऐन गर्दीच्या वेळी मीटरपाशी वाचलेला १ किलोवॅट वीजकेंद्रापाशी १ पेक्षा बराच जास्त भरतो. कंपनीला हा सौदा परवडतो तो असा. ग्राहकाला परवडतो का, हे मात्र योजनेच्या प्रकारावर ठरतं.

सगळ्यात जुना आणि आमच्या मते सगळ्यात कमकुवत प्रकार म्हणजे एसीच्या बाहेरच्या युनिटला लावलेला, कंपनीच्या संकेतावर कॉम्प्रेसर थांबवणारा रेडिओ स्विच. जाहिरातीत लिहिलेलं असतं ‘५० टक्के सायकलिंग’, म्हणजे दर अर्ध्या तासात कॉम्प्रेसर १५ मिनिटं बंद. ऐकायला निम्मी बचत वाटते. प्रत्यक्षात १.५ किलोवॅटचा कॉम्प्रेसर एरवी तासात ४० मिनिटं चालत असेल, तर या बंधनाखाली तो ३० मिनिटं चालेल. सरासरी बचत फक्त पाव किलोवॅट. खोलीच्या मानाने एसी मोठा असेल आणि तो मुळात २५ मिनिटंच चालत असेल, तर बचत जवळपास शून्य, बक्षीस मात्र पूर्ण! म्हणून स्विच आधीच्या तासांतलं चालणं मोजून त्याच्या निम्म्यावर आणतो का, एवढं विचारा. उत्तर ‘नाही’ असेल तर योजना कागदावरची.

या स्विचचं आणखी एक दुखणं असं की जुने स्विच फक्त ऐकतात, बोलत नाहीत. एसी बदलताना मेकॅनिकने तार सोडून ठेवली तरी कंपनीच्या यादीत ते घर ‘चालू’च राहतं. घरच्यांसाठी सूचना एकच: फॅन ‘ऑटो’वर ठेवा. कॉम्प्रेसर थांबल्यावर फॅन फिरत राहिला तर कॉइलवरचं पाणी वाफ होऊन परत खोलीत येतं. तापमान फारसं न वाढताही चिकचिक होते. इन्व्हर्टर एसीचा पुरवठा तर अशा स्विचने तोडूच नये.

स्मार्ट थर्मोस्टॅटची, म्हणजे घराचं तापमान राखणाऱ्या आणि कंपनीला दुरून बदलता येणाऱ्या यंत्राची, योजना यापेक्षा खूप बरी. आधी तासभर घर १-२ अंश जास्त थंड करायचं, मग ‘घटने’च्या वेळात, म्हणजे कंपनी वापर कमी करायला सांगते त्या तासांत, सेटिंग २ अंश वर न्यायचं. भिंती-छताला इन्सुलेशन असेल तर दोन-तीन तास सहज निघतात. वर तापलेला पत्रा असेल तर साठवलेला गारवा अर्ध्या तासातच संपतो, आणि ऐन वेळी कॉम्प्रेसर पुन्हा सुरू. करारात ‘ओव्हरराइड’ची, म्हणजे घटना चालू असताना सेटिंग स्वतः बदलायच्या मुभेची, ओळ शोधा. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडोत सुमारे २२,००० ग्राहकांचे थर्मोस्टॅट आणीबाणीच्या घटनेत कुलूपबंद झाले होते. अशी तरतूद अटींत असते, ती कोणी वाचत नाही.

आमची पहिली पसंती टाकीच्या वॉटर हीटरला. १९० लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला साधारण ६.६ युनिट लागतात. म्हणजे ती टाकी एक स्वस्त बॅटरीच आहे. सकाळी तापवून ठेवली की संध्याकाळी तीन-चार तास बंद राहिली तरी कळत नाही. न्यूझीलंडमध्ये कित्येक दशकं विजेच्या तारांतूनच वेगळ्या वारंवारतेचा संकेत पाठवून असे हीटर बंद-चालू केले जातात. तीन लिटरचा इन्स्टंट गिझर मात्र इथे निरुपयोगी. त्यात साठाच नाही. आणि टाकीचं तापमान ६० अंशांखाली उतरवून ‘बचत’ करू नका: साठा घटतो, वर लीजिओनेला जंतूंना आयतं घर मिळतं.

घोळ होतो तो परत चालू करताना. ४.५ किलोवॅटचे हजार हीटर एरवी आपापल्या वेळी चालू-बंद होतात, त्यामुळे एका क्षणी त्यातले थोडेच विजेवर असतात. चार तास अडवून सगळे एकदम सोडले तर बहुतेक टाक्या थंडावलेल्या असतात आणि ४.५ मेगावॅटच्या आसपासचा भार एका झटक्यात अंगावर येतो. जुनी गर्दी टळली, नवी तयार झाली. चांगली कंपनी प्रत्येक हीटरला वेगवेगळा उशीर देऊन टप्प्याटप्प्याने सोडते.

आता बेसलाइन, म्हणजे एरवी तुम्ही किती वीज वापरली असती याचा धरलेला आकडा. तुम्ही किती वाचवलं हे मोजता येत नाही, कारण जे वापरलंच नाही त्याचा मीटर नसतो. मग आधीच्या, समजा, दहा कामकाजी दिवसांच्या त्याच तासांची सरासरी धरतात. सरासरी ४ युनिट, घटनेच्या दिवशी २.८, तुम्हाला श्रेय १.२ युनिटचं. पण तो दिवस जास्त तापलेला होता आणि एरवी ५ युनिट लागले असते, तर खरी बचत २.२ आहे. त्यासाठी त्या दिवशीच्या सकाळच्या वापरावरून आकडा वरखाली करायची सोय असते, पण तिलाही बहुधा मर्यादा असते, कुठे २० टक्क्यांची. उलट, त्या आठवड्यात गावाला गेलेला शेजारी काही न करता बक्षीस घेऊन जातो. जो रोजच काटकसरीने वापरतो त्याच्या हाती फारसं काही लागत नाही, आणि हा या योजनांवरचा आमचा सगळ्यात मोठा आक्षेप.

बेसलाइनची कटकट नको असेल तर दरांवर चालणारी योजना पाहा. फ्रान्सची ‘टेम्पो’ त्यातली सरळ: वर्षात ३०० निळे दिवस स्वस्त, ४३ पांढरे मधले, २२ लाल महाग. रंग आदल्या दिवशीच कळतो, आणि लाल दिवस फक्त १ नोव्हेंबर ते ३१ मार्चमध्ये, शनिवार-रविवार सोडून. घर तापवायला विजेशिवाय दुसरं साधन नसलेल्यांनी मात्र या वाटेला जाऊ नये.

नुसत्या विनंतीनेही काम होतं, पण एखाद्या वेळी. ६ सप्टेंबर २०२२ ला कॅलिफोर्नियात मागणी ५२,०६१ मेगावॅटच्या विक्रमावर गेली. संध्याकाळी मोबाइलवर आणीबाणीचा संदेश गेला आणि थोड्याच वेळात २,००० मेगावॅटच्या आसपास भार उतरला. रोज असा संदेश आला तर कोण ऐकेल?

कारखाने आणि मोठ्या इमारतींसाठी पैसा खरा आहे, पण चुकाही महागात पडतात. नेहमीची चूक अशी: चिलरचा (मध्यवर्ती एसीसाठी पाणी थंड करणाऱ्या यंत्राचा) भार उतरवायला खोल्यांत सोडायच्या हवेचं तापमान वाढवतात. खोल्या गरम होतात, व्हीएव्ही बॉक्स (खोलीत किती हवा सोडायची ते ठरवणाऱ्या झडपा) पूर्ण उघडतात, पंख्यांचा वेग वाढतो. चिलरने वाचवलेली वीज पंखे खातात. म्हणून आधी पंख्यांच्या व्हीएफडीला (वेग कमी-जास्त करणाऱ्या उपकरणाला) वरची मर्यादा घाला, मग खोल्यांचं सेटिंग वाढवा. घटना संपल्यावर सगळे चिलर एकदम लावू नका. १५ किंवा ३० मिनिटांच्या त्या एका टप्प्यात महिन्याची मॅक्झिमम डिमांड (सर्वोच्च मागणी) नोंदली गेली तर तिच्यावर लागणारा डिमांड चार्ज बक्षीस गिळून टाकतो. एक चिलर, २० मिनिटं थांबा, मग दुसरा. करारात आकडा लिहिण्यापूर्वी हाच क्रम एका कडक उन्हाच्या दुपारी मीटर बघत करून पाहा, आणि जेवढं उतरेल त्याच्या ८० टक्केच कबूल करा. कमी पडल्याचा दंड असेल तर तो कबूल केलेल्या आकड्यावर मोजला जातो.