इन्सुलिनची सुई आज, की कॅप्सूलची वाट?

डॉक्टरांनी इन्सुलिन लिहून दिलं की आमच्या मेडिकलच्या काउंटरवर माणूस अडखळतो. चिठ्ठी पुढे सरकवतो, पण तिच्यावरचा हात काढत नाही. मग हळूच विचारतो, "दादा, याची कॅप्सूल निघाली म्हणे. आली का?" मोबाइलवर ती बातमी अधूनमधून फिरत असते, त्यामुळे प्रश्न रास्तच आहे. डोस ठरवणं डॉक्टरांचं काम, मी फार्मासिस्ट. पण दोन्ही वाटा शेजारी-शेजारी ठेवून दाखवणं माझ्या हातात आहे. कॅप्सूलच्या आशेवर वर्षभर सुई टाळून पायाची जखम चिघळवून घेतलेले काका मी पाहिले आहेत, म्हणून हे लिहितोय.

ज्यांना टाइप 1 मधुमेह आहे, त्यांच्यासाठी ही तुलनाच नाही. त्यांच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. सुई किंवा पंप चुकवला तर काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. पुढचं सगळं टाइप 2 वाल्यांसाठी, म्हणजे ज्यांच्या गोळ्या आता पुरेनाशा झाल्या आहेत त्यांच्यासाठी.

कॅप्सूलची ओढ फक्त सुईच्या भीतीपोटी नाही. स्वादुपिंडातून निघालेलं इन्सुलिन आधी यकृतात जातं आणि त्यातलं निम्म्याच्या आसपास तिथेच वापरलं जातं. टोचलेलं इन्सुलिन मात्र आधी सगळ्या अंगभर पसरतं. आतड्यातून शोषलेलं इन्सुलिन पुन्हा त्या नैसर्गिक वाटेने, यकृतातून जाईल. म्हणून शास्त्रज्ञ याच्यामागे इतकी वर्षं लागले आहेत. कल्पना खरोखर चांगली आहे.

अडचण पोटात आहे. इन्सुलिन म्हणजे 51 अमिनो आम्लांचं प्रथिन. डाळीतलं किंवा अंड्यातलं प्रथिन जसं पचतं, तसंच तेही पचून जातं. वेष्टन घालून जठरातून वाचवलं, तरी एवढा मोठा रेणू आतड्याच्या भिंतीतून सहज आत शिरत नाही. इस्रायलच्या ओरामेड कंपनीने आपल्या कॅप्सूलमध्ये माशाचं तेल आणि सोयाबीनमधला पाचकरस रोखणारा घटक घातला. कॅप्सूल 8 मिलिग्रॅमची. हा आकडा आपल्या भाषेत आणून बघा: 8 मिलिग्रॅम म्हणजे सुमारे 230 युनिट. आपल्याकडच्या 40 च्या, म्हणजे दर मिलिलिटरला 40 युनिटच्या, 10 मिलिलिटरच्या बाटलीत एकूण 400 युनिट असतात, म्हणजे एका कॅप्सूलमध्ये अर्ध्या बाटलीहून जास्त! आणि रात्रीची सुई नव्याने सुरू करणाऱ्याला डॉक्टर बहुधा 10 युनिटच्या आसपास लिहून देतात. एवढं घालूनही जानेवारी 2023 मध्ये, 700 हून अधिक रुग्णांच्या 26 आठवड्यांच्या चाचणीत, तीन महिन्यांची सरासरी दाखवणारं एचबीए1सी औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा पुरेसं उतरलं नाही.

बंगळुरूच्या बायोकॉनची गोळी 2011 मध्ये अशाच टप्प्यावर अडली. तिथे तर नकली गोळी घेणाऱ्यांचीही साखर अपेक्षेपेक्षा जास्त उतरली. मला त्याचं नवल वाटत नाही. कोणी नेमाने तपासतंय म्हटलं की माणूस खाण्यापिण्यात आपोआप सावध होतो.

सगळ्यात जवळ पोचली ती डेन्मार्कच्या नोव्हो नॉर्डिस्कची गोळी. 50 रुग्णांवरच्या आठ आठवड्यांच्या चाचणीत तिने ग्लार्जिनच्या, म्हणजे दिवसातून एकदाच घ्यायच्या इन्सुलिनच्या सुईइतकी साखर आटोक्यात ठेवली. तरी कंपनीने काम थांबवलं, कारण सुईच्या कित्येक पट इन्सुलिन लागत होतं आणि लाखो लोकांसाठी तेवढं बनवणं परवडणारं नव्हतं. अमेरिकेत एमआयटीच्या गटाने 2019 मध्ये वाटाण्याएवढी कॅप्सूल दाखवली. ती कासवाच्या कवचासारखी जठरात स्वतःच सरळ बसते आणि आतली इन्सुलिनची बारीक सुई जठराच्या भिंतीत टोचते. पण ते प्रयोग डुकरांवरचे.

"मग सेमाग्लुटाइडची गोळी कशी निघाली?" हे मला एका शिक्षकांनी विचारलं होतं. सेमाग्लुटाइड हे मधुमेहाचंच दुसरं, सुईनेही घेतलं जाणारं औषध. प्रश्न नेमका आहे. तिचाही जेमतेम एक टक्का भाग रक्तात उतरतो. पण ते औषध शरीरात आठवडाभर रेंगाळतं, त्यामुळे एखाद्या दिवशी कमी-जास्त झालं तरी सरासरी जुळते. जेवणाबरोबरच्या इन्सुलिनला ही सवलत नाही. आज दुप्पट शोषलं गेलं तर दरदरून घाम, थरथर, चक्कर, म्हणजे शुगर लो. ती गोळी इन्सुलिन नाही, हेही ध्यानात ठेवा. काहींना ती सुरू केल्यावर इन्सुलिन पुढे ढकलता येतं, पण ते डॉक्टरच ठरवतील. आणि कुंडीतल्या 'इन्सुलिनच्या झाडा'च्या पानांत इन्सुलिन नसतं. पानं चघळून कोणी सुई बंद करू नये.

आता सुईची बाजू. लोकांच्या मनात जुनी, उकळून वापरायची काचेची सिरिंज असते. मी इन्सुलिन टोचायच्या पेनची सुई उघडून तळहातावर ठेवतो: 4 मिलिमीटर, केसासारखी बारीक. रोज बोट टोचून शुगर बघणं त्याहून जास्त दुखतं, असं बहुतेक जण पहिल्याच आठवड्यात सांगतात. बाटली आणि सिरिंज पेनपेक्षा बरीच स्वस्त पडते, पण तिथे एक खरा धोका आहे. 40 च्या बाटलीला 40 चीच सिरिंज लागते. त्यातलं इन्सुलिन 100 च्या सिरिंजने भरलं तर त्याच आकड्यावर डोस कमी जातो, 10 ऐवजी 4 च युनिट. उलट 100 चं इन्सुलिन 40 च्या सिरिंजने भरलं तर अडीचपट जातो. रोज एकाच जागी टोचलं तर गाठ धरते आणि तिथून औषध नीट लागत नाही. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये, दारात किंवा खालच्या कप्प्यात ठेवा. बर्फाच्या कप्प्यात गोठली तर फेकून द्यायची. फ्रिज नसेल तर बाटली कोरड्या पिशवीत बांधून ओल्या माठात, सावलीत ठेवायची. वाड्यावस्त्यांवर हे चालतं.

तोंडाने श्वासातून ओढायचं इन्सुलिन, अफ्रेझा, याला भारतात डिसेंबर 2024 मध्ये मान्यता मिळाली. ते फक्त जेवणाबरोबरचं आहे. दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असेल तर चालत नाही, आणि आधी फुप्फुसांची तपासणी करावी लागते. रात्रीच्या सुईची जागा ते घेत नाही.

माझं मत विचाराल तर कॅप्सूलची वाट बघण्यात गैर काही नाही, फक्त ती सुई घेत-घेत बघा. वाढलेली साखर तोवर थांबत नाही. डोळे, मूत्रपिंडं, पायाच्या नसा यांचं झालेलं नुकसान कॅप्सूल आली तरी भरून निघणार नाही. उद्या ती आलीच, तर सुईवरून कॅप्सूलवर जाता येईल. सुईची भीतीच मोठी असेल तर तसं डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा, दिवसातून एकच सुई लागणारं इन्सुलिन आहे.

गेल्या महिन्यात एक मावशी अशाच चिठ्ठी धरून उभ्या होत्या. मी त्यांना इन्सुलिन दिलं आणि सांगितलं, "पहिली सुई नर्सबाईंसमोर घ्या, आणि घरातल्या एकाला सोबत न्या, म्हणजे दोघांनाही येईल." त्या नातीला घेऊन गेल्या. आता रात्रीच्या जेवणाआधी नातच युनिट मोजून दाखवते.