पाठ्यपुस्तक की मूळ दस्तऐवज?

पाश्चात्त्य संस्कृतीचा इतिहास कॉलेजात शिकायचा तर एकतर जाडजूड पाठ्यपुस्तक धरा, नाहीतर थेट मूळ दस्तऐवजांना हात घाला. पाठ्यपुस्तकाचा फायदा उघड आहे. अथेन्स, रोम, रेनेसाँ, 1789 ची फ्रेंच राज्यक्रांती हा क्रम डोक्यात पक्का बसतो, परीक्षाही निभावते. पण तिथे सगळं धुऊनपुसून आलेलं असतं.

मॅग्ना कार्टा या इंग्लंडच्या जुन्या सनदेचंच घ्या. पुस्तक सांगतं, 1215 मध्ये राजा जॉनवर कायद्याचा अंकुश आला. मूळ सनद उघडली की 39 व्या कलमात कायदेशीर निवाड्याशिवाय स्वतंत्र माणसाला अटक नाही, असं वचन दिसतंच (जमीनदाराच्या जमिनीला बांधलेल्या भूदासांना नाही बरं का). पण 33 वं कलम चक्क थेम्स नदीतले मासे पकडायचे बांध काढून टाकायला सांगतं! तत्त्वांच्या जोडीला रोजच्या कटकटीही त्याच कागदावर आल्या होत्या.

मात्र पोपने त्याच वर्षी ऑगस्टमध्येच ती सनद रद्द ठरवली, हे सनदेत कुठून सापडणार? तिथे पाठ्यपुस्तकच लागतं. दस्तऐवज वेळही फार खातात. तरी निबंध लिहायचा असेल तर माझं मत त्यांनाच. फक्त कालक्रम आधी पक्का करून घ्या.