कर्द्याच्या बीच रिसॉर्टवर पावसाळाभर राहिलो, त्याचा अनुभव

जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत दापोलीजवळ कर्द्याला एका रिसॉर्टवर राहिलो. वर्क फ्रॉम होम चालू होतं आणि महिन्याचं भाडं मे महिन्यातल्या पाच रात्रींएवढं पडत होतं, म्हटलं चला. नाव लिहीत नाही, कारण माणसं चांगली आहेत आणि तक्रारी बऱ्याच आहेत.

मी हौसेने सी-फेसिंग रूम घेतली. पावसाळ्यात सी-फेसिंग म्हणजे काय ते तिसऱ्या रात्री कळलं, वारा सरळ दारावर, दाराखालून पाणी आत, आणि मी बाथरूममधला टॉवेल फटीत कोंबून पलंगावर मांडी घालून बसलेलो. सकाळी मालक काकांनी गपचूप मागची रूम उघडून दिली, मागच्या वाडीकडे, म्हणजे बागेकडे, तोंड असलेली, सीझनला ड्रायव्हर लोकांना देतात ती. छोटी, एसी नाही, पण कोरडी! पावसाळ्यात जाणाऱ्यांनी सरळ हीच मागा.

अर्थात कोरडी म्हणजे तिथल्या मानाने. दापोलीकडे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जवळपास सगळा या चार महिन्यांतच, त्यामुळे पट्ट्यावर हिरवी बुरशी, पाकिटावर बुरशी, जीन्स पाच दिवस वाळत नाही. शेवटी काकांनी कपाटात साधा पिवळा बल्ब लावून दिला, तो दिवसरात्र चालू, त्यात कपडे आणि लॅपटॉपची बॅग. हा उपाय खरंच चालतो, लाईट असेल तर. झाड पडलं की लाईट गेली, एकदा तर दीड दिवस. जनरेटर आहे पण काका म्हणाले, "एकट्या तुमच्यासाठी लावला तर भाड्यापेक्षा डिझेल जास्त जाईल हो." बरोबरच आहे, पण मग साईटवर "२४ तास पॉवर बॅकअप" कशाला लिहायचं? माझ्या दोन क्लायंट मीटिंग बुडाल्या. तिथेच "स्विमिंग पूल" पण लिहिलंय, त्यात बेडूक होते.

जेवणाचं तसंच. "रोज ताजी मासळी" म्हणे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, जवळच्या हर्णै बंदरातला मासळीचा लिलाव थंडावलेला, मग ताजी मासळी येणार कुठून? पहिला आठवडा फ्रीजरमधली सुरमई खाल्ली, तव्यावर नुसतं पाणी सोडायची. मग कुक भाताच्या लावणीला गावी गेला तो गेलाच, आणि मालकांच्या घरातल्या वहिनी म्हणाल्या आमच्यात होतं तेच खाल का. तिथून पुढे मजा! कुळथाची पिठी, तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, टाकळ्याची भाजी, फणसाच्या आठळ्या घातलेली आमटी. मेनू कार्डवर यातलं एक नाही, पनीर बटर मसाला मात्र आहे. मी दोनदा म्हटलं हे कार्डवर टाका, त्या हसल्या फक्त, "हे खायला कोण येतंय इकडे?"

धंदा कसा चाललाय ते संध्याकाळी ओटीवर बसलं की कळतं. बारा खोल्या, कमाईचे दिवस म्हणजे मे, दिवाळी, ३१ डिसेंबर आणि मधले शनिवार-रविवार. कर्जाचा हप्ता मात्र बारा महिने. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात पत्रे उडाले, मागच्या पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, आडव्या झाल्या, त्यात लॉकडाऊन. परत लावलेल्या पोफळी आत्ता कुठे डोक्याच्या वर गेल्यात. खारी हवा वेगळीच, एसीच्या बाहेरच्या युनिटची जाळी मी बोटाने दाबली तर चुरा हातात. कामाला सीझनला नऊ माणसं, पावसात तीन, आणि गणपतीत तर कोणीच नाही, दीड दिवस मीच फोन उचलत होतो.

समुद्रात उतरायचं नाव काढू नका. बघायला मात्र तासन् तास बसलो, एवढा मोठा किनारा आणि फक्त कुत्री.

पुढच्या वर्षी जाणार का? जाईन, पण मीटिंगवाला जॉब असेल तर नाही.

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी पुण्याच्या पाच गाड्या आल्या. काका दारात उभे, म्हणाले समोरची मोठी रूम घ्या आता, ही ड्रायव्हर लोकांना लागते. मी खूश. मग हळूच म्हणाले, भाडं मात्र समोरचं पडेल. रविवारी दुपारी बॅग भरली.