आधी ब्रीदर बघा: जुन्या फोर बाय फोरच्या पुढच्या ॲक्सलचे सात महिने

डाव्या पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला काळं, पातळ तेल उडालेलं दिसलं, त्याला आता सात महिने झाले. गाडी तीस वर्षांची. पुढे पाट्यांवर बसलेला सॉलिड ॲक्सल, टोकांना गोल घुमटासारखे नकल (चाकाला धरून वळणारा भाग), आणि नकल ज्यावर वळतो त्या किंगपिनला वर-खाली टेपर बेअरिंग. अशी गाडी असणाऱ्यांना याहून जास्त वर्णन नको.

मी पूर्ण सील-किट घेतलं: आतले ऑइल सील, नकल पुसणारे रबर आणि फेल्ट, गॅस्केट, शिम (अंतर जुळवायच्या पातळ चकत्या). बेअरिंगचा सेट मात्र घेतला नाही. जुनी बेअरिंग डिझेलमध्ये धुतली, रोलर चकचकीत निघाले, आणि चांगली वस्तू माझ्याच्याने फेकवत नाही. हा निर्णय लक्षात ठेवा, पुढे तोच अंगाशी आला.

काम व्यवस्थित झालं होतं. नकलमधलं जुनं ग्रीस गिअर ऑइल मिसळून रबडीसारखं पातळ झालेलं, ते सगळं खरवडून काढलं, नवं भरलं. तीन आठवडे नकल कोरडा. चौथ्या आठवड्यात एका लांब चढणीच्या प्रवासानंतर पुन्हा तेच काळं तेल, आणि या वेळी ब्रेक लायनरपर्यंत पोहोचलेलं. ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढायची. किटमधल्या सीलचं रबर कडक आहे, ओठ शाफ्टवर नीट बसत नाही, हे किट कुणी घेऊ नये.

वरचा परिच्छेद तिसऱ्या महिन्यातला आहे. त्यातलं किटबद्दलचं मत मी आज मागे घेतो. खोडत मात्र नाही, कारण चूक नेमकी कुठे झाली ते वाचणाऱ्याला दिसलं पाहिजे.

दुसऱ्यांदा सील बदलायला गाडी वर्कशॉपमध्ये दिली. तिथे पुन्हा सील, पुन्हा मजुरी, आणि तीन आठवड्यांत पुन्हा गळती. मी विचारलं, ब्रीदर बघितला का? (ब्रीदर म्हणजे ॲक्सलमधल्या हवेला आत-बाहेर जायची वाट, वर टोपी असलेली.) उत्तर मिळालं की त्याचा याच्याशी काही संबंध नाही. त्या उत्तराचा राग माझा अजून गेलेला नाही. घरी आल्या आल्या, ॲक्सल गरम असतानाच, डिफरन्शियलचा (ॲक्सलमधल्या गिअरपेटीचा) तेल भरायचा प्लग हळूच सैल केला. आतून हवा जोरात फुसफुसत बाहेर आली. ब्रीदरची टोपी वाळलेल्या चिखलाने दगडासारखी बसली होती.

आता हिशेब बघा. ॲक्सल २५ अंश सेल्सिअसवरून ८५ अंशांपर्यंत तापला, तर आत कोंडलेल्या हवेचा दाब साधारण एक पंचमांशाने वाढतो. ऑइल सीलचा ओठ उडणारं तेल अडवण्यासाठी असतो, मागून सतत रेटणारा दाब झेलण्यासाठी नाही. हवेला वाट मिळाली नाही की ती तेलाला पुढे ढकलत सीलमधून वाट काढते. मग नवं सील घाला नाहीतर सोन्याचं घाला, गळणारच. उलटा प्रकार याहून वाईट. तापलेला ॲक्सल ओढ्याच्या पाण्यात उतरला की आतली हवा झटकन आक्रसते आणि बाहेरचं पाणी सीलमधून आत ओढलं जातं. तेल दुधाळ, राखाडी दिसलं की समजायचं पाणी शिरलंय. तशा तेलावर क्राउन-पिनियन (डिफरन्शियलचे मुख्य गिअर) आणि बेअरिंग चालवणं म्हणजे ती हाताने गंजवणं.

उपाय इतका स्वस्त आहे की जीव जळतो. जुनी टोपी काढली, तिथे नळी जोडायचा निपल बसवला आणि तेल सोसणारी रबरी नळी चासीवरून इंजिनाच्या कप्प्यात उंचावर नेली. टोकाला छोटा फिल्टर. पाटे पूर्ण खाली लटकले तरी ताणली जाणार नाही इतकी ढील ठेवली. गरम ॲक्सलचा प्लग उघडून आता आवाज येत नाही. पुढच्या ॲक्सलची कोणतीही तक्रार असो, पाना हातात घेण्याआधी ब्रीदरमधून फुंकर मारून बघा. मी हे भेटेल त्याला सांगतो.

तरीही एक गोष्ट राहिली होती. ताशी साठच्या आसपास पुढचं चाक खड्ड्यात गेलं की स्टिअरिंग हातात थडथडायला लागायचं, वेग पार कमी केल्याशिवाय थांबायचं नाही. चाकांचं बॅलन्सिंग केलं, टाय रॉडचे (दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याचे) जॉइंट तपासले, नवा स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे हादरे जिरवणारा) लावला. डॅम्परने महिनाभर बरं वाटलं. डॅम्पर दुखणं झाकतो, बरं करत नाही, हे तेव्हा कळलं.

शेवटी जी तपासणी पहिल्या दिवशी करायला हवी होती ती केली. चाक जॅकवर उचललं, खाली स्टँड लावला, चाक वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवलं. प्ले (ढिलेपणा) होता. मग भावाला ब्रेक दाबून धरायला सांगितलं. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये, राहिला तर किंगपिनमध्ये. राहिला.

नकल पुन्हा खोलला. मी जपून ठेवलेली तीच बेअरिंग. रोलर खरंच चांगले होते, पण कपवर (रोलर ज्यावर फिरतात त्या बाहेरच्या कड्यावर) रोलरच्या आकाराचे खळगे पडले होते, बोटाच्या नखाला लागतील इतके. किंगपिनचं बेअरिंग कधी पूर्ण फेरी घेत नाही. स्टिअरिंगबरोबर थोडंसं इकडे, थोडंसं तिकडे, आणि बहुतेक वेळ सरळच. सगळे दणके त्याच त्याच जागी बसतात. मी रोलर बघितले, कप पुसून उजेडात धरला नाही.

याचा सीलशीही थेट संबंध आहे, आणि इथे मला माझ्या ब्रीदरच्या आग्रहाला थोडी मुरड घालावी लागते. किंगपिन ढिला झाला की नकल खाली बसतो, शाफ्ट मध्यावरून सरकतो, आणि सीलचा ओठ एकाच बाजूने झिजतो. काढलेलं दुसरं सील तसंच एका बाजूला झिजलेलं होतं. म्हणजे ब्रीदर मोकळा करून गळती थांबली असती, पण फार दिवस नाही.

नवी बेअरिंग कपांसकट घातली. नकलवरचं पुसणारं रबर आणि टाय रॉड बाजूला ठेवून, नकलच्या आर्मला स्प्रिंगचा काटा अडकवून नकल फिरवायला किती ओढ लागते ते मोजलं. रबर लावून मोजलं तर रबराचं घर्षणच मोजलं जातं. ओढ किती हवी तो आकडा आपापल्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या. शिम काढला की आवळतं, घातला की ढिलं होतं, आणि वर-खाली शिमची वाटणी अशी हवी की शाफ्ट सीलच्या बरोबर मध्यावर बसेल. या एका कामात माझी अख्खी दुपार गेली आणि ती सत्कारणी लागली.

त्यानंतर चार महिने स्टिअरिंग थरथरलं नाही. नकल कोरडे. फ्री व्हील हब (पुढची चाकं शाफ्टला जोडणारे-सोडवणारे) महिन्यातून एकदा लॉक करून थोडं अंतर चालवतो, म्हणजे आत तेल फिरतं आणि सील सुकत नाही.

किटला आता पूर्ण गुण. रबर कडक वाटलं होतं, ते तसंच टिकलंय.

पिनियनच्या सीलखाली परवा ओल दिसली. ब्रीदर तपासला, मोकळा आहे. म्हणजे हे सील खरंच गेलंय. नट खोलण्याआधी त्याच्यावर, पिनियनच्या टोकावर आणि फ्लँजवर एका रेषेत खूण करून ठेवली आहे, कारण क्रश स्लीव्हवरचा (आवळताना चेपणाऱ्या नळीवरचा) तो नट नुसत्या अंदाजाने परत आवळला तर पिनियनच्या बेअरिंगचा ताण बिघडेल.