आउटबोर्ड की स्टर्नड्राइव्ह? देखभालीच्या बाजूने पाहिलं तर

बोटीला या दोनपैकी कोणतं इंजिन घ्यावं हे ठरवताना वेग, अश्वशक्ती, इंधन यांची चर्चा तुमची एव्हाना झाली असेल, असं धरून चालतो. मी आधी स्टर्नड्राइव्ह वापरली (इंजिन बोटीच्या आत, प्रोपेलर फिरवणारा भाग म्हणजे ड्राइव्ह मागे बाहेर), आता आउटबोर्ड वापरतो (अख्खं इंजिनच मागे बाहेर टांगलेलं). दोन्हींची डागडुजी बरीचशी स्वतःच केली, तेवढ्यापुरतंच बोलतो.

स्टर्नड्राइव्हचं सुख खरं आहे. इंजिन आत झाकणाखाली असल्याने बोटीची मागची बाजू मोकळी राहते, पोहून वर चढायला तशी जागा दुसरी नाही. गाडीच्या इंजिनावर काम केलेल्याला आतली रचनाही ओळखीची वाटते. पेट्रोलची बोट असेल तर सुरू करण्याआधी चार मिनिटं ब्लोअर, म्हणजे इंजिनाच्या कप्प्यातली पेट्रोलची वाफ बाहेर काढणारा पंखा, चालवायचा, ही एक सवय मात्र अंगी बाणवावी लागते.

माझं मन फिरलं ते बेलोजमुळे. ड्राइव्ह बोटीच्या मागच्या भिंतीतून बाहेर पडते आणि त्या भोकातून पाणी आत येऊ देत नाही ती घड्याघड्यांची एक रबरी नळी, तेच बेलोज. तीही पाण्याच्या पातळीखाली. तिसऱ्या मोसमात वळण घेताना मागून घरघर यायला लागली. सरळ जाताना काही नाही, सुकाणू फिरवलं की घरघर. बोट बाहेर काढून ड्राइव्ह उतरवली, तर नळीतून तांबूस पाणी ओघळलं. एका घडीच्या खोबणीत नखाएवढी चीर होती, घडी ताणल्याशिवाय दिसतही नव्हती. तेवढ्या चिरेने गिम्बल बेअरिंग (इंजिनाकडून ड्राइव्हकडे जाणाऱ्या दांड्याला आधार देणारं) गंजलं, त्या दांड्याचे वळणारे सांधे, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट, गेले. रबराची किंमत काही फार नाही, पण तिथवर पोचायला ड्राइव्ह उतरवा, बेअरिंग ओढून काढा, इंजिनाचं अलाइनमेंट, म्हणजे ते दांड्याच्या रेषेत आहे ना, तपासा, एवढा व्याप. आणि चीर मोठी असती तर पाणी थेट बोटीत आलं असतं, हे मनातून जाईना.

त्यातही ड्राइव्ह वर उचलून ठेवली तर बेलोज ताणलेले राहतात, खाली ठेवली तर तिच्यावर शेवाळ नि शिंपले धरतात. बोट कायम खाऱ्या पाण्यात उभी राहणार असेल तर या पेचातून मला तरी वाट सापडली नाही.

आउटबोर्ड अख्खा वर उचलता येतो, पाण्यात काही राहत नाही. त्याचीही दुखणी आहेतच. मागची जागा अडते, झाकणाखाली इतकी दाटी की हात शिरत नाही. पण बिघाड निदान समोर दिसतो. इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची मागून पडणारी धार बारीक झाली की आधी इंजिन बंद करून त्या भोकात पातळ तार घालून बघा, बहुतेकदा मीठ किंवा वाळू अडकलेली असते. तरीही धार सुधारली नाही तर इम्पेलर, म्हणजे ते पाणी वर ढकलणाऱ्या पंपातलं पात्यांचं रबरी चक्र. काही बोल्ट काढले की खालचा भाग उतरतो. पहिल्यांदा मला अख्खी दुपार लागली, आता तासाभरात होतं. इम्पेलरचं एखादं पातं तुटलेलं आढळलं तर तो तुकडा शोधल्याशिवाय जोडणी करू नका, तो वर थर्मोस्टॅटकडच्या (इंजिनाचं तापमान सांभाळणाऱ्या झडपेकडच्या) वाटेत जाऊन बसतो आणि नवा इम्पेलर घालूनही इंजिन तापतं. गिअर ऑइल दुधाळ निघालं, म्हणजे त्यात पाणी शिरलं, तर प्रोपेलर काढून बघा. मागे गळाची दोरी गुंडाळली जाऊन सील कापलेलं असू शकतं.

बोट गोड्या पाण्यात चालवून दर वेळी ट्रेलरवर घरी आणणार असाल, तर माझा कल बाजूला ठेवून स्टर्नड्राइव्हचा विचार जरूर करा. पोरंबाळं पोहणारी असतील तर जास्तच. बोट पाण्यातच राहणार असेल तर मी आउटबोर्डच घेईन.

वापरलेली स्टर्नड्राइव्ह बघायला जाल तेव्हा ती एका बाजूला पूर्ण वळवून, वर उचलून, बेलोजची प्रत्येक घडी बोटांनी उघडून बघा. ते शेवटचे कधी बदलले हे मालकाला सांगता आलं नाही, तर बेलोज आणि बेअरिंगचा खर्च किमतीतून वजा धरूनच बोलणी सुरू करा.