सागवानी फळ्या की लॅमिनेट: गेलेली चमक कशी आणायची?

पेठेतल्या वाड्याच्या माडीची सागवानी जमीन आणि बाणेरच्या फ्लॅटमधलं लॅमिनेटचं फ्लोअरिंग, दोन्ही निस्तेज झाली तरी इलाज एक नाही. सागवान भरीव, ८०, १२०, मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासलं की ताजं लाकूड वर येतं. त्यावर पीयूचे (पॉलीयुरेथेन, म्हणजे पारदर्शक वार्निशचे) दोन-तीन हात. धूळ मात्र आठवडाभर पुरते! आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात हे काम काढूच नका, हात लवकर वाळत नाही.

लॅमिनेटला पॉलिश पेपर लावलात की संपलं. वरचा पारदर्शक थर अगदी पातळ, खाली छापील कागद. मेणही मुरत नाही, नुसती घसरगुंडी होते. बहुतेकदा साबणाचा चिकट थरच चमक खातो. घट्ट पिळलेल्या फडक्याने दोनदा पुसा, लगेच कोरडं करा. तरीही नाही उजळलं तर फळ्या बदलायच्या.