पर्ल व्हाइट म्हणून घेतलेली गाडी, पुढून नुसतीच व्हाइट

साडी घेताना मी ती दुकानाच्या दारापर्यंत नेते. ट्यूबलाइटखाली रामा दिसणारा रंग उन्हात भलताच निघतो, हे मला लग्नाच्या बस्त्यापासून ठाऊक आहे. आणि तीच मी, सव्वापाच लाखांची जुनी, वापरलेली गाडी गेल्या डिसेंबरात संध्याकाळी सात वाजता, पत्र्याच्या शेडमध्ये, ट्यूबच्या उजेडात बघितली आणि दहा हजार टोकन देऊन घरी आले.

गाडी स्विफ्ट, पेट्रोल, एमएच १२. डीलर पुण्यातलाच, नाव लिहीत नाही. "मॅडम, सिंगल ओनर, नॉन-अ‍ॅक्सिडेंटल, पेंट कंपनीचा. हात लावून बघा." मी खरंच हात लावून बघितला. गुळगुळीत होता. भाच्याला मुद्दाम सोबत नेलं होतं, त्याने बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकला, मान डोलावली, आणि दोघांनी मिळून जे बघायला हवं होतं ते सोडून बाकी सगळं बघितलं.

सहा महिने गाडी छान चालली. खोटं कशाला सांगू, आजही चालते. जूनमध्ये सोसायटीच्या फाटकाला घासून डाव्या बाजूच्या मागच्या दारावर वीतभर ओरखडा आला, म्हणून नाना पेठेतल्या ओळखीच्या पेंटर काकांकडे गेले. त्यांनी ओरखड्याकडे नीट बघितलंही नाही. आधी मोबाइलचा टॉर्च लावून गाडीवरची ती छोटी धातूची प्लेट शोधली. ती कुठे असते हे कंपनीगणिक बदलतं, कुठे बॉनेटखाली, कुठे दाराच्या चौकटीवर. चॅसी नंबर असतो तिथेच रंगाचा कोड असतो. काकांनी वाचला: झेडएचजे. म्हणजे पर्ल आर्क्टिक व्हाइट. मारुतीचा साधा पांढरा वेगळा, त्याचा कोड २६यू. नुसतं 'पांढरी गाडी' म्हणून रंग मागितला की दुकानदार यातला कुठलाही देऊ शकतो, म्हणून कोड. रंगवलेला पार्ट मागवायचा तरी पार्ट नंबरच्या शेवटी हाच कोड लागतो. हे सगळं मला त्या दिवशी कळलं, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी.

कोडप्रमाणे रंग कालवून आणला, मागच्या दारावर लावून बघितला, अगदी बेमालूम जुळला. मग ते दोन पावलं मागे गेले, डोळे बारीक करून म्हणाले, "ताई, हे दार आणि पुढचं दार एका गाडीचं नाही."

सकाळचे अकरा वाजले होते, स्वच्छ ऊन होतं. त्यांनी मला तिरकं उभं केलं. मागच्या दाराचा पांढरा शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा, मान हलवली की किंचित चमक सरकते. पुढच्या दाराचा पांढरा मेलेला. सहा महिने रोज त्या गाडीत बसत होते मी. पर्ल तीन थरांत मारतात: खाली पांढरा बेस, त्यावर पर्लचा पातळ हात, वर क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर. माझ्या गाडीचं बॉनेट, डावा फेंडर (पुढच्या चाकावरचा पत्रा) आणि डावं पुढचं दार या तिन्हींवर मधला हातच नव्हता. काकांना त्या पेंटरचा रागच आला. मला वाटतं, माझ्या फसवणुकीपेक्षा त्या आळशी कामाचा जास्त.

पुढे त्यांनी दाराचं रबर एका कोपऱ्यात ओढलं. आत चंदेरी. बिजागरीच्या मागे नखाने खरवडलं, तिथेही चंदेरी. "सिल्की सिल्व्हर, झेड टू एस," काका म्हणाले, "कुर्ल्यातून नाहीतर इकडच्याच भंगारातून आणलेलं असणार." म्हणजे दार कुठल्या तरी मेलेल्या चंदेरी गाडीचं. बॉनेटच्या बिजागऱ्यांचे बोल्ट दाखवले, डोक्यांवरचा रंग पान्याने उडालेला. कंपनीतून आलेल्या गाडीचे बोल्ट पत्र्यासोबतच रंगतात, ते उघडल्याशिवाय तसे ओरखडत नाहीत. मग फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक. उजव्या फेंडरला खटकन चिकटलं, डाव्याला एका जागी धरेना, घसरून खाली. तिथे पुट्टीचा थर. कंपनीचा रंग साधारण शंभर-दीडशे मायक्रॉन जाडीचा असतो, पुट्टी भरली की आकडा कितीतरी पट होतो. मोजायचं यंत्र ऑनलाइन दोन-तीन हजारांपासून मिळतं, पण माझ्या गाडीला फ्रिजवरचं चुंबकही पुरलं असतं.

घरी येऊन मी एक मूर्खपणा केला, तोही लिहिते. 'चॅसी नंबर टाका, फॅक्टरी बिल्ड रिपोर्ट मिळवा' अशी एक साइट सापडली. ७९९ रुपये भरले. आलेल्या पीडीएफमध्ये होतं: देश भारत, प्रकार हॅचबॅक, इंधन पेट्रोल, रंग पांढरा. हे तर माझ्या आरसीवर फुकट छापलेलं होतं! नंतर कळलं की चॅसी नंबराच्या सतरा अक्षर-आकड्यांत रंग नसतोच. त्यात उत्पादक असतो, मॉडेलची माहिती असते, वर्ष असतं आणि अनुक्रमांक असतो. रंग हवा तर प्लेट बघायची, नाहीतर कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये चॅसी नंबर द्यायचा, त्यांच्या संगणकात कारखान्यातून निघतानाचा रंग आणि व्हेरिअंट दिसतं.

मग मी चिडून आरसी घेऊन बसले. जी गोष्ट सहा महिने कपाटात होती ती पहिल्यांदा ओळ न ओळ वाचली. डीलरने 'एकोणीसचं मॉडेल' म्हणून विकलेली गाडी, नोंदणी फेब्रुवारी २०१९ ची, पण उत्पादन ११/२०१८. चॅसी नंबरात दहावं अक्षर जे, म्हणजे २०१८. १९ साठी के असतं. (चॅसी नंबरात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत, एक आणि शून्याशी गोंधळ होतो म्हणून.) वर्षअखेरीला उरलेल्या गाड्या नव्या वर्षात नोंदवतात, त्यात बेकायदा काही नाही. पण उद्या मी विकायला काढीन तेव्हा समोरचा अठराचाच भाव देणार. आणि डिकीच्या दारावर झेडएक्सआयचा, म्हणजे वरच्या व्हेरिअंटचा बॅज, खाली अलॉयची चाकं. आरसीवर मॉडेल व्हीएक्सआय. झेडएक्सआयला आपोआप चालणारा क्लायमेट कंट्रोल असतो आणि मी सहा महिने एसीची बटणं हाताने फिरवत होते. हसावं की रडावं.

सगळ्यात बोलका कागद मात्र विम्याचा निघाला. जुन्या मालकाची २०२४ ची पॉलिसी डीलरनेच फाइलला लावून दिली होती. त्यात नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दलची हप्त्यातली सूट, शून्य. पाच वर्षं दावा केला नाही तर हा बोनस ५० टक्क्यांवर जातो, एक दावा केला की घसरून शून्य. एकाच मालकाच्या पाच वर्षांच्या गाडीला शून्य म्हणजे बहुधा त्याआधीच्या वर्षात दावा झालेला आहे. तो कागद मला मराठीतच सांगत होता, मीच वाचला नाही. अधिकृत वर्कशॉपमध्ये विचारलं तर २०२३ मध्ये डाव्या बाजूच्या बॉडीकामाचं एस्टिमेट काढल्याची नोंद मिळाली, काम मात्र तिथे झालेलं नव्हतं. कुठे झालं ते आता मला माहीत आहे, निदान कसं झालं ते तरी.

डीलरकडे गेले तेव्हा 'मॅडम'ची 'बाई' झाली होती. "बाई, डिलिव्हरी नोटवर सही आहे तुमची, गाडी जशी आहे तशी घेतली म्हणून." सही होती. पण व्हॉट्सअ‍ॅपवर त्याच्याच नंबरवरून आलेला मेसेजही होता: 'नॉन अ‍ॅक्सिडेंटल, कंपनी पेंट, झेडएक्सआय'. तो मी पुसला नव्हता, हे माझं एकच शहाणपण. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं प्राधिकारपत्र लागतं. ते मागितल्यावर तो म्हणाला, "अर्ज केलेला आहे." कधी केला, ते सांगेना.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. मग एका ओळखीच्या वकिलाकडून नोटीस पाठवली, सोबत त्या मेसेजचा स्क्रीनशॉट, प्लेटचा फोटो, उन्हात काढलेला दोन दारांचा फोटो आणि काकांनी लिहून दिलेलं खर्चाचं पत्रक. जिल्हा ग्राहक आयोगात जायची तयारी होती. दिलेली किंमत पाच ते दहा लाखांत असेल तर तिथे फी २०० रुपये, आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत. नोटीस पोचल्यावर आठव्या दिवशी फोन आला, "ताई, बसून मिटवू." पुन्हा ताई. त्याने साठ हजारांवरून सुरुवात करणाऱ्या मला पंचेचाळीसवर आणलं. गाडी परत घ्यायला तो काही तयार झाला नाही, आणि मला तारखांना जायची ताकद नव्हती. घेतले. भाचा म्हणतो कमी घेतले. असेल.

आता मैत्रिणीची वहिनी गाडी बघतेय, तिच्यासोबत मीच जाते. सकाळी, उन्हात. पहिलं काम प्लेटचा फोटो. गेल्या रविवारी एका डीलरने प्लेटकडे वाकलेल्या मला विचारलं, "मॅडम, तुम्ही आरटीओत आहात का?"

माझ्या गाडीचे तीन भाग अजून तसेच आहेत. काका पावसाळ्यात पर्ल मारायला तयार नाहीत, दमट हवेत क्लिअर धुरकटतो म्हणतात. दसऱ्याच्या आधी दोन दिवस गाडी आणून लावायला सांगितलंय.